वेब अ‍ॅप्लिकेशनमधील त्रुटींची सूचना ईमेलने मिळवण्याची खात्रीशीर व्यवस्था: जँगोच्या आधारे सविस्तर मार्गदर्शन

29 फेब्रुवारी 2024, गुरुवार. एका पतसंस्थेसाठी मी लिहिलेल्या वेब अ‍ॅप्लिकेशनवर त्या दिवशी एक वर्ष मुदतीची एकही ठेव नोंदवता आली नाही. मुदतपूर्तीची तारीख काढताना प्रोग्राम आजच्या तारखेतले फक्त वर्ष एकाने वाढवत होता, आणि 29 फेब्रुवारी 2025 ही तारीखच अस्तित्वात नसल्यामुळे पायथन ही त्याची प्रोग्रामिंग भाषा दर वेळी त्रुटी देऊन थांबत होती. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनी तोच अर्ज पुन्हा पुन्हा भरून पाहिला आणि शेवटी ठेवीदारांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. मला हे कळले ते शुक्रवारी सकाळी, संस्थेच्या सचिवांचा फोन आल्यावर. त्रुटी आली की मला मेल जावा अशी सोय त्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये होती आणि ती मीच बसवली होती. परंतु पाठवणाऱ्याचा पत्ता बदलायचा राहून गेल्यामुळे मेल-सेवा प्रत्येक मेल नाकारत होती आणि त्या नकाराची नोंद कोठेही होत नव्हती.

मेल आला नाही म्हणजे सारे सुरळीत आहे, असे तेव्हापासून मी धरून चालत नाही. ही व्यवस्था बसवायला अर्धा तास पुरतो; ती खरोखर चालते आहे याची खात्री करून घेण्यात आणि ती चालू राहील असे पाहण्यात खरे काम आहे, म्हणून पुढील मार्गदर्शनात त्याच भागावर अधिक भर दिला आहे. उदाहरणासाठी पायथनमधील जँगो ही चौकट (वेब अ‍ॅप्लिकेशन बांधण्याचा तयार सांगाडा) घेतली आहे, कारण 2005 मध्ये मुक्त स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या या चौकटीत त्रुटीचे मेल पाठवण्याची सोय अंगचीच आहे. सेटिंग्जची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती मोठ्या रोमन अक्षरांत आणि दोन शब्दांमध्ये अधोरेषा देऊन लिहावी लागतात.

मेल कधी निघतो, कधी निघत नाही

'डीबग' हे, विकासाच्या वेळी त्रुटीचा तपशील पडद्यावर दाखवणारे, सेटिंग बंद असताना, एखाद्या विनंतीवर काम करताना आपल्या प्रोग्राममध्ये न हाताळलेली त्रुटी उद्भवली आणि वापरकर्त्याला 500 क्रमांकाचा (सर्व्हरच्या आतील त्रुटीचा) प्रतिसाद गेला, की जँगो 'अ‍ॅडमिन्स' या यादीतील प्रत्येकाला मेल पाठवतो. डीबग चालू असेल तर मेल जात नाही, कारण मेल पाठवणाऱ्या हँडलरवर, म्हणजे नोंद पुढे पोहोचवणाऱ्या भागावर, तसा फिल्टर मुळातच लावलेला असतो. त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपवर डीबग चालू ठेवून मेल का येत नाही हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

मेल न निघण्याचे इतर प्रसंग अधिक महत्त्वाचे आहेत. आपल्याच प्रोग्राममध्ये कोणी त्रुटी पकडून 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश दाखवला असेल, तर जँगोच्या दृष्टीने ती विनंती यशस्वी असते आणि मेल निघत नाही. जँगोचा प्रोग्राम सर्व्हरवर चालवणाऱ्या गुनिकॉर्नची कामकरी प्रक्रिया ठरलेल्या वेळेत, म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे 30 सेकंदांत, उत्तर देऊ शकली नाही तर गुनिकॉर्न तिला मारून टाकतो. मेल लिहिण्याची संधी जँगोला मिळतच नाही आणि वापरकर्त्यासमोर एन्जिनिक्सचे, म्हणजे त्याच्या पुढे असलेल्या वेब-सर्व्हरचे, 502 क्रमांकाचे पान येते. सर्व्हरची मेमरी संपून लिनक्सने प्रक्रिया बंद केली तरी तेच. क्रॉनमधून ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामे आणि सेलेरीची पार्श्वभूमीवरची कामे वेब-विनंतीच्या मार्गाने जातच नाहीत, म्हणून त्यांच्या त्रुटींसाठी वेगळी तजवीज करावी लागते. ही यादी सुरुवातीलाच डोळ्यांसमोर ठेवली म्हणजे जँगोच्या मेलकडून नेमकी किती अपेक्षा करायची हे ठरवता येते.

पत्ते आणि मेल-सेवेची जोडणी

'अ‍ॅडमिन्स'मध्ये मेल घेणाऱ्यांचे पत्ते द्यायचे असतात. जुन्या आवृत्त्यांत प्रत्येक नोंद नाव आणि पत्ता अशा जोडीची असे, जँगो 6.0 पासून नुसत्या पत्त्यांची यादी द्यावी अशी अपेक्षा आहे आणि जोडीची पद्धत कालबाह्य ठरवली आहे. पत्ता एकाच व्यक्तीचा ठेवू नये. ती व्यक्ती गावाला जाते, नोकरी सोडते, आणि मेल मात्र त्याच पेटीत पडत राहतात. दोन माणसांना पोहोचेल असा गटाचा पत्ता घ्यावा आणि त्याची मेल-पेटी अ‍ॅप्लिकेशनच्या सर्व्हरवर ठेवू नये; सर्व्हरच आडवा झाला तर बातमी आणि बातमीदार दोन्ही एकदमच जातात.

यानंतरचे सेटिंग म्हणजे 'सर्व्हर ईमेल'. त्रुटीचे मेल कोणाच्या नावाने निघावेत हे येथे ठरते. त्याची मूळ किंमत 'रूट अ‍ॅट लोकलहोस्ट' अशी असते, आणि माझी चूक नेमकी येथे झाली होती. 'डिफॉल्ट फ्रॉम ईमेल' मी बदलले होते. पण ते सेटिंग ग्राहकांना जाणाऱ्या सामान्य मेलसाठी आहे, त्रुटीच्या मेलशी त्याचा संबंध नाही. ठेवीदारांना पावत्या व्यवस्थित जात होत्या, त्यामुळे मेलची व्यवस्था ठीक आहे असे मी समजून चाललो. मेल-सेवा देणाऱ्या बहुतेक कंपन्या आपल्याकडे पडताळून न घेतलेल्या पत्त्यावरून मेल स्वीकारत नाहीत. तेव्हा 'सर्व्हर ईमेल'मध्ये आपल्या डोमेनवरील, मेल-सेवेकडे नोंदवलेला पत्ताच लिहावा.

मेल-सेवेचे यजमान-नाव (तिच्या सर्व्हरचे नाव), वापरकर्ता, पासवर्ड आणि पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) ही चार सेटिंग्ज सेवा देणारा सांगेल तशी भरावीत. पोर्टबद्दल मात्र थोडे समजून घेतले पाहिजे. जँगोची मूळ किंमत 25 आहे, परंतु ते पोर्ट एका मेल-सर्व्हरने दुसऱ्याकडे मेल सोपवण्यासाठी आहे आणि स्पॅम रोखण्यासाठी अनेक क्लाउड कंपन्या ते बाहेर जाण्यासाठी बंद ठेवतात. आपण 587 वापरावे आणि 'ईमेल यूज टीएलएस' हे जोडणी कूटबद्ध करणारे सेटिंग चालू करावे. किंवा 465 वापरून 'ईमेल यूज एसएसएल' चालू करावे. ही दोन्ही सेटिंग्ज एकाच वेळी चालू केली तर जँगो तक्रार करतो. 'ईमेल टाइमआउट' मुळात रिकामे असते, म्हणजे जोडणी अडकली तर किती वेळ थांबायचे याला मर्यादा नसते. त्रुटीचा मेल वापरकर्त्याच्या विनंतीतच पाठवला जात असल्यामुळे, मेल-सेवा मंदावली की आधीच त्रुटीत सापडलेला वापरकर्ता आणखी ताटकळत राहतो. तेथे 10 सेकंद लिहावेत.

जीमेलच्या साध्या खात्यातून मेल पाठवायचे असतील तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दुहेरी पडताळणी चालू करून 16 अक्षरांचा अ‍ॅप-पासवर्ड तयार करावा लागतो. अशा खात्यातून दिवसाला सुमारे 500 मेलच जाऊ शकतात, आणि त्रुटींचा लोंढा सुरू झाला तर ही मर्यादा पाच मिनिटांत संपते. म्हणून व्यावसायिक कामासाठी मी स्वतंत्र मेल-सेवाच घेतो. पासवर्ड कोणताही असो, तो गिटमध्ये (प्रोग्रामच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) जाणाऱ्या फाइलीत लिहू नये. सर्व्हरच्या पर्यावरण-चलांतून, म्हणजे प्रोग्रामबाहेर सर्व्हरवर ठेवलेल्या किमतींतून, वाचून घ्यावा.

आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नावाची माहिती देणाऱ्या नोंदवहीत) एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदीही याच टप्प्यावर कराव्यात. आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे पहिली नोंद सांगते, तर मेलवरची सही तपासण्यासाठी लागणारी सार्वजनिक किल्ली दुसरीत असते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्याला या दोहोंपैकी किमान एक बंधनकारक केली आहे. त्रुटीच्या मेलमध्ये फाइलींचे मार्ग, विचित्र चिन्हे आणि वेब-पत्ते भरलेले असतात, त्यामुळे तो स्पॅममध्ये जाण्याची शक्यता एरवीही जास्त असते. या नोंदी करून झाल्यावर मेल घेणाऱ्याच्या पेटीतही 'स्पॅममध्ये कधीही टाकू नये' असा नियम विषयावर आधारून लावावा.

त्यासाठी विषयाची सुरुवात ठरलेली हवी. 'ईमेल सब्जेक्ट प्रीफिक्स' या सेटिंगची मूळ किंमत चौकटी कंसातील 'जँगो' एवढीच असते. तेथे संस्थेचे नाव आणि सर्व्हरचा प्रकार लिहावा, उदाहरणार्थ 'पतसंस्था लाइव्ह' आणि 'पतसंस्था चाचणी'. रात्री अकरा वाजता फोनवर मेल आला की उठून लॅपटॉप उघडायचा की सकाळी पाहायचे, हा निर्णय त्या दोन शब्दांवर होतो. प्रीफिक्सच्या शेवटी एक मोकळी जागा सोडावी, नाहीतर पुढचा शब्द त्याला चिकटतो.

लॉगिंगची रचना

येथपर्यंत केलेले काम जँगोच्या स्वतःच्या त्रुटींपुरते पुरेसे आहे. परंतु आपल्या प्रोग्राममधून आपण स्वतः नोंदवलेल्या त्रुटी, उदाहरणार्थ एसएमएस पाठवणाऱ्या सेवेने नकार दिल्याची नोंद, मेलने येत नाहीत; कारण मेलचा हँडलर फक्त 'जँगो' नावाच्या लॉगरला, म्हणजे नोंदी घेणाऱ्या भागाला, जोडलेला असतो आणि आपल्या मॉड्यूलचा लॉगर त्याच्या वंशावळीत बसत नाही. त्यासाठी 'लॉगिंग' या सेटिंगमध्ये आपल्या अ‍ॅपच्या नावाचा लॉगर घालून त्याला 'अ‍ॅडमिन ईमेल हँडलर' जोडावा, पातळी 'एरर' ठेवावी आणि डीबग बंद असतानाच चालण्याचा फिल्टर लावावा.

या ठिकाणी दोन खड्डे आहेत. 'डिसेबल एक्झिस्टिंग लॉगर्स' ही किल्ली लिहायची राहिली तर पायथन तिची किंमत 'होय' धरतो आणि जँगोने मुळात तयार केलेले लॉगर निकामी होतात. म्हणजे आपल्या त्रुटींचे मेल मिळवण्याच्या नादात जँगोच्या त्रुटींचे मेल बंद पडतात. ती किल्ली आठवणीने 'नाही' अशी लिहावी. दुसरा खड्डा असा की, हँडलर आपल्या लॉगरऐवजी सर्वांत वरच्या मूळ लॉगरला जोडला तर जँगोची प्रत्येक त्रुटी एकदा 'जँगो' लॉगरकडून आणि एकदा मूळ लॉगरकडून, अशी दोनदा येते.

प्रोग्राममध्ये जेथे जेथे त्रुटी पकडली आहे त्या जागा एकदा शोधून काढाव्यात. वापरकर्त्याला सौम्य संदेश दाखवणे योग्यच आहे, पण त्याच जागी लॉगरची 'एक्सेप्शन' ही पद्धत बोलवावी. तिच्यामुळे नोंद 'एरर' पातळीवर होते आणि त्रुटीचा संपूर्ण माग (प्रोग्राम कोणकोणत्या ओळींतून त्रुटीपर्यंत पोहोचला त्याची यादी) मेलमध्ये येतो. नुसता 'पास' लिहून त्रुटी गिळून टाकणारी ओळ सापडली तर ती त्याच दिवशी बदलावी, पुढच्या आठवड्यावर ढकलू नये.

उलट बाजूने, काही मेल बंदही करावे लागतात. सर्व्हर इंटरनेटवर आला की पहिल्या दिवसापासून स्वयंचलित प्रोग्राम त्याचे दरवाजे ठोठावू लागतात आणि भलत्याच यजमान-नावाने विनंत्या पाठवतात. 'अलाउड होस्ट्स' त्या नाकारतो हे चांगलेच, पण प्रत्येक नकाराचा मेल येतो. 'जँगो, सिक्युरिटी, डिसअलाउड होस्ट' या लॉगरला रिकामा हँडलर जोडून आणि पुढे प्रसार बंद करून हे मेल थांबवावेत. त्याआधी एन्जिनिक्समध्येच अनोळखी यजमान-नावांना वाट बंद केली तर आणखी बरे. 404 क्रमांकाच्या, म्हणजे पान न सापडल्याच्या सूचनाही मेलने मिळू शकतात, परंतु माझ्या मते त्या लहान संस्थेने घेऊ नयेत. ज्या मेलवर आपण काहीच करणार नाही तो मेल इतर मेलकडेही दुर्लक्ष करायला शिकवतो.

लोंढा आवरणे

डेटाबेस दहा मिनिटे बंद पडला आणि त्या वेळात तीन हजार विनंत्या आल्या, तर तीन हजार मेल निघतात. मेल-सेवेची मर्यादा संपते, काही सेवा खातेच गोठवतात, आणि ग्राहकांच्या पावत्याही अडकतात. जँगोमध्ये यावर तयार बंधन नाही, म्हणून 'अ‍ॅडमिन ईमेल हँडलर'पासून स्वतःचा लहानसा वर्ग तयार करावा आणि त्याच्या 'एमिट' पद्धतीत पुढीलप्रमाणे तपासणी घालावी. त्रुटीचा प्रकार, ती जेथे उद्भवली त्या शेवटच्या फाइलीचे नाव आणि ओळ क्रमांक मिळून एक ओळख तयार करावी. त्याच ओळखीचा मेल गेल्या दहा मिनिटांत गेला असेल तर नवा पाठवू नये, फक्त मोजणी वाढवावी. दहा मिनिटांनंतर जाणाऱ्या पुढच्या मेलच्या विषयात 'यापूर्वी 212 वेळा' असा आकडा जोडावा. आकडा जोडण्यासाठी त्याच वर्गाची 'सेंड मेल' पद्धत बदलता येते. ओळखीत त्रुटीचा संदेश घेऊ नये, कारण संदेशात अनेकदा खाते क्रमांक असतो आणि मग प्रत्येक त्रुटी वेगळी दिसते. लॉगरला त्रुटीचा माग दिलेलाच नसेल, तर नोंद जेथून झाली ती फाइल आणि ओळ घ्यावी.

ही मोजणी कोठे ठेवायची याचा विचार नीट करावा. ती डेटाबेसमध्ये ठेवली तर डेटाबेस पडलेला असताना तीच उपलब्ध नसते, आणि नेमक्या त्याच प्रसंगासाठी तर आपण ती करतो आहोत. रेडिसमध्ये (मेमरीत माहिती ठेवणाऱ्या वेगळ्या प्रणालीत) ठेवली तर रेडिस पडल्यावर तोच प्रश्न. मी ती प्रत्येक प्रक्रियेच्या स्वतःच्या मेमरीत, साध्या डिक्शनरीत ठेवतो. गुनिकॉर्नच्या चार प्रक्रिया असतील तर दहा मिनिटांत एकाऐवजी चार मेल येतात, तेवढे चालते. सर्व्हर अनेक असतील किंवा त्रुटींचे प्रकारच रोज डझनाने येत असतील, तर मात्र सेंट्रीसारखी त्रुटींचे गट करणारी प्रणाली बसवावी. मेलची ही पद्धत त्या कामासाठी नाही.

खासगी माहिती

त्रुटीच्या मेलमध्ये वापरकर्त्याने अर्जात भरलेली माहिती, कुकी आणि सेटिंग्ज असतात. 'पास', 'सिक्रेट', 'टोकन', 'की' असे शब्द नावात असलेल्या सेटिंग्ज जँगो चांदण्यांनी झाकतो, पण अर्जातील पॅन किंवा आधार क्रमांक त्याला ओळखता येत नाही. अशी माहिती घेणाऱ्या प्रत्येक व्ह्यूवर (विनंतीला उत्तर देणाऱ्या भागावर) 'सेन्सिटिव्ह पोस्ट पॅरामीटर्स' आणि ती माहिती हाताळणाऱ्या फंक्शनवर 'सेन्सिटिव्ह व्हेरिएबल्स' हे डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहायच्या खुणा) लावावेत. हँडलरचा 'इन्क्लूड एचटीएमएल' हा पर्याय चालू केला तर मागातील प्रत्येक टप्प्यावरच्या स्थानिक चलांच्या किमतीही मेलमध्ये येतात. दुरुस्तीला त्याचा उपयोग होतो हे खरे, परंतु ठेवीदारांची माहिती मेल-पेट्यांमधून वर्षानुवर्षे पडून राहणे मला मान्य नाही, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 नंतर तर ते संस्थेलाही परवडणारे नाही. तो पर्याय बंदच ठेवावा. सविस्तर माग सर्व्हरवरच्या, मर्यादित लोकांना दिसणाऱ्या लॉग-फाइलीत लिहावा.

खात्री करून घेणे

आता ज्या पायरीमुळे माझे ते दोन दिवस वाचले असते, तिच्याकडे येतो. जँगोचा 'सेंड टेस्ट ईमेल' हा आदेश 'अ‍ॅडमिन्स' पर्यायासह चालवला की यादीतील सर्वांना चाचणीचा मेल जातो. पासवर्ड किंवा पोर्ट चुकले असेल, अथवा पाठवणाऱ्याचा पत्ता नाकारला गेला, तर त्याची त्रुटी पडद्यावर लगेच दिसते. हा आदेश लाइव्ह सर्व्हरवर, अ‍ॅप्लिकेशन ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते त्याच वापरकर्त्याने चालवावा. पर्यावरण-चलांतील फरक तेव्हाच उघड होतो.

तथापि हा आदेश लॉगिंगच्या वाटेने जात नाही. फिल्टर, हँडलर, लोंढा आवरणारा आपला वर्ग यांपैकी कशाचीच परीक्षा त्यात होत नाही. शिवाय 'अ‍ॅडमिन ईमेल हँडलर' मेल पाठवताना अपयश मुकाट्याने गिळतो, अशी त्याची रचनाच आहे. त्रुटीचा मेल पाठवण्यात दुसरी त्रुटी येऊन गोंधळ वाढू नये हा त्यामागचा हेतू आहे. म्हणून फक्त कर्मचारी-खात्याला उघडता येईल असे एक पान तयार करावे, ज्यात शून्याने भागाकार करणारी एकच ओळ असेल. ते पान लाइव्ह सर्व्हरवर उघडावे, 500 क्रमांकाचे पान दिसल्याचे पाहावे आणि घड्याळ लावून मेलची वाट पाहावी. मेल दोन मिनिटांत, इनबॉक्समध्ये, दोन्ही माणसांना मिळाला तरच काम झाले असे समजावे. तेच पान लगेच पाच-दहा वेळा उघडून लोंढ्याचे बंधनही तपासून घ्यावे. नवी आवृत्ती चढवताना जी कामांची यादी आपण पाळतो, तिच्यात या पानाला एक ओळ द्यावी, कारण सेटिंग्जची फाइल बदलते ती अशाच वेळी.

गुनिकॉर्न किंवा संपूर्ण सर्व्हरच बंद पडला तर काय, हा भाग बाहेरूनच सोडवावा लागतो. दुसऱ्या कंपनीच्या एखाद्या लहान सर्व्हरवर क्रॉनने दर पाच मिनिटांनी आपल्या अ‍ॅप्लिकेशनचे एक पान मागवावे. त्या पानाने डेटाबेसला एक साधा प्रश्न विचारून उत्तर द्यावे, आणि लागोपाठ दोनदा 200 क्रमांकाचा (सर्व ठीक असल्याचा) प्रतिसाद आला नाही तर त्या सर्व्हरने वेगळ्या मेल-सेवेतून मेल पाठवावा. रात्रीच्या व्याज-आकारणीसारख्या क्रॉनच्या कामांसाठी याच्या उलट पद्धत लागते: काम पूर्ण झाल्यावर त्याने बाहेरच्या सर्व्हरला हाक द्यावी आणि ठरलेल्या वेळेपर्यंत हाक आली नाही तर त्या सर्व्हरने मेल पाठवावा. 'सर्व ठीक' असा मेल रोज स्वतःला पाठवण्याचा मार्ग काही जण सुचवतात, पण रोज येणारा मेल एखाद्या दिवशी आला नाही हे माणसाच्या लक्षात येत नाही.

मेल आल्यावर

आमच्याकडे आता येणाऱ्या मेलचा विषय साधारण असा असतो: 'पतसंस्था लाइव्ह, एरर, एक्सटर्नल आयपी, इंटर्नल सर्व्हर एरर', आणि शेवटी पानाचा मार्ग. आतला माग खालून वर वाचावा. सर्वांत खालची ओळ त्रुटीचा प्रकार सांगते. तिच्या वरच्या ओळींत आपल्या स्वतःच्या फाइलीचे नाव प्रथम जेथे दिसेल तेथून शोध सुरू करावा, कारण त्याखालच्या ओळी बहुधा पायथनच्या किंवा जँगोच्या असतात. वेळ वाचताना सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर आहे का ते पाहावे. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला 'पावणेसहाला काय केले होते' असे विचारले आणि खरी वेळ सव्वाअकराची असली तर त्याला काहीच आठवणार नाही.

त्या गुरुवारचा मेल पोहोचला असता तर पहिल्याच अर्जानंतर त्यात शेवटी एकच ओळ दिसली असती: व्हॅल्यू एरर, दिवस महिन्याच्या मर्यादेबाहेर. दुरुस्ती तीन ओळींची होती. पुढच्या वर्षी तो दिवस नसेल तर 28 फेब्रुवारी धरायची, असे संस्थेच्या व्यवस्थापकांना विचारून ठरवले, आणि 29 फेब्रुवारी 2028 ही तारीख चाचण्यांमध्ये घातली.